प्रजाती घटत असताना पारिस्थितिकी कशी शिकवावी आणि त्यात उपजीविका कशी करावी?

तिवर_ऐरोली

नमस्कार. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केले असून पारिस्थितिकी हा माझा विशेष विषय होता. सध्या ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या वर्गांना 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय तासिका तत्त्वावर शिकवते. या क्षेत्रात बरीच वर्षे काम केलेल्या मंडळींना दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली वर्गातली आहे. संकटग्रस्त प्रजातींचा भाग शिकवताना मी माळढोक, गिधाडे, रानपिंगळा अशी उदाहरणे देते. मुले ती टिपून घेतात, परीक्षेत बरोबर लिहितात आणि तास संपल्यावर कोणीतरी विचारतेच की सगळे संपत चालले असेल तर आम्ही हे शिकून करायचे काय. त्याच मुलांना ठाणे खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवायला नेले की त्यांची समजूत नेमकी उलट होते. खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत तिचे नाव आले, समोर हजारो पक्षी दिसत आहेत, म्हणजे खाडीचे सगळे ठीक चालले आहे, असे ती समजतात. रोहित पक्ष्यांच्या संख्येवरून खाडीच्या प्रकृतीचा निष्कर्ष काढता येत नाही हे मला माहीत आहे, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ते असे कसे सांगावे, की त्यांचा आनंदही हिरावला जाणार नाही आणि चुकीची समजूतही राहणार नाही?

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या कामाची आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे, म्हणजे नियोजित प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचे, अहवाल करणाऱ्या एका सल्लागार संस्थेने मला नोकरी देऊ केली आहे. माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे की मी पीएच.डी.च करावी, आणि घरच्यांना मी वनसेवेची परीक्षा द्यावी असे वाटते. घरखर्चात माझा वाटा असल्यामुळे बिनपगारी प्रकल्पांवर वर्षानुवर्षे काढणे मला शक्य नाही. संवर्धनाशी प्रामाणिक राहून या क्षेत्रात पोट भरता येते का, हे ज्यांनी ते केले आहे त्यांच्याकडून ऐकायचे आहे.

निवृत्त_प्राध्यापक_ठाणे

आधी वर्गातल्या प्रश्नाविषयी लिहितो. प्रजाती नष्ट होण्याची उदाहरणे आपण बहुधा शेवटाकडून सांगतो. किती उरले एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या हाती हळहळ व्यक्त करण्यापलीकडे काही उरत नाही. तेच उदाहरण कारणापासून आणि पुराव्यापासून सांगितले तर मुले वेगळे प्रश्न विचारू लागतात, असा माझा अनुभव आहे.

गिधाडांचेच घ्या. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. हा आकडा सांगून थांबू नका. तो काढता कसा आला, हे मुलांना विचारा. नव्वदच्या दशकाच्या आरंभी, गिधाडे गावोगावच्या ढोरफोडीच्या जागांवर थव्याने दिसत होती तेव्हा, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी रस्त्याने प्रवास करत शिकारी पक्ष्यांची गणना केली होती. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांच्याकडे त्याआधीच्या नोंदी होत्या. इतक्या सर्वसाधारण पक्ष्याची गणती कशासाठी, असे त्या वेळी अनेकांना वाटले असणार. परंतु तीच गणती २००० साली पुन्हा झाली तेव्हा घट किती आणि किती वेगाने झाली हे निर्विवादपणे दाखवता आले. मग कारणाचा शोध सुरू झाला, आणि गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली पाकिस्तानातील अभ्यासातून सिद्ध झाले. भारतात २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, कारण मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय हाताशी होता. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गुरांकडे वळवल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांचा आकार ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित केला गेला, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक या गिधाडांना घातक असलेल्या आणखी दोन वेदनाशामकांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली. गिधाडे पूर्वीसारखी परतलेली नाहीत, हे मुलांपासून लपवू नये. मात्र घसरणीचा वेग मंदावला, आणि तो मंदावण्यासाठी कोणी काय केले याची साखळी त्यांच्यापुढे पूर्ण उलगडता येते. "हे शिकून करायचे काय" याला याहून नेमके उत्तर माझ्याजवळ नाही.

आता रोहित पक्ष्यांचे. छोटा रोहित प्रामुख्याने नील-हरित शैवाल आणि डायटम (एकपेशीय सूक्ष्म शैवाल) गाळून खातो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात साठच्या दशकापासून उद्योग वाढले, दोन्ही तीरांवर लोकवस्ती वाढली, सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरसची संयुगे खाडीत येत राहिली, आणि या पोषकद्रव्यांवर शैवाल पोसले जाते. म्हणजे ज्या बदलाने मासे व इतर जलचरांची अडचण होते, तोच बदल या एका पक्ष्याला अन्न पुरवू शकतो. मुलांना हे सांगितल्याने त्यांचा आनंद कमी होईल असे मला वाटत नाही. एका परिसंस्थेत कोणाला लाभ आणि कोणाला तोटा होतो आहे हे शोधण्याचा आनंद त्यांना त्याहून मोठा वाटेल.

यापुढची पायरी म्हणजे त्यांच्या हाती एक लहान पण खरे काम द्या. जागा एकच ठेवा, भरती-ओहोटीची अवस्था एकच ठेवा, आणि शेकाट्या, तुतवार, बगळे असे नेहमीचे पक्षी मोजायला सांगा. चिखलात सुरक्षितपणे पोहोचता येत असेल तिथे एक मीटर बाय एक मीटरची चौकट ठेवून खेकड्यांची बिळे आणि निवट्या (चिखलावर सरपटणारे मासे) मोजता येतात. जे दिसले नाही त्याच्यापुढे शून्य लिहायला शिकवा, कारण न लिहिलेली जागा आणि शून्य यांचा अर्थ पुढच्या अभ्यासकासाठी पूर्णपणे वेगळा असतो. गिधाडांच्या बाबतीत जे उपयोगी पडले ते हेच होते की विपुल असतानाच कोणीतरी मोजून ठेवले होते. आपल्या खाडीत आज विपुल असलेल्या किती जीवांविषयी आपल्याकडे अशा नोंदी आहेत, हा प्रश्न मला निवृत्तीनंतरही स्वस्थ बसू देत नाही.

बेलापूर_आघातमूल्यांकन

मी बऱ्याच वर्षांपासून आघात मूल्यांकनाच्या क्षेत्रात, पारिस्थितिकी व जैवविविधता या विषयाची तज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी स्पष्टपणे लिहिते.

नोकरी घ्यायला हरकत नाही, पण काय स्वीकारत आहात हे माहीत असू द्या. आघात मूल्यांकनाविषयीच्या केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार चालणाऱ्या बहुतेक प्रकल्पांत पायाभूत माहिती एका ऋतूपुरती, म्हणजे साधारण तीन महिन्यांची आणि तीही पावसाळा वगळून गोळा केली जाते. हवा आणि ध्वनी यांच्या मोजणीसाठी त्यामागे काही तर्क असेलही. परंतु येऊर किंवा कर्नाळ्याच्या बाजूच्या डोंगरउतारावर तुम्ही मार्च ते मे या काळात उभ्या राहिलात, तर तिथले बेडूक, देवगांडूळ, पावसाळी गवते आणि कंदवर्गीय वनस्पती तुम्हाला दिसणारच नाहीत, आणि अहवालातील प्रजातींची यादी आखूड भरेल. खाडीकाठच्या प्रकल्पात याच्या उलट चूक होते: हिवाळ्यात गेलात तर स्थलांतरित पक्षी मोजले जातात आणि उन्हाळ्यात गेलात तर ते जवळजवळ नसल्यासारखे दिसतात. अहवालात "संकटग्रस्त प्रजाती आढळली नाही" हे वाक्य लिहिताना आपण कधी आणि किती वेळ शोधले, हे त्याच परिच्छेदात लिहिण्याचा आग्रह धरणे, एवढे स्वातंत्र्य तज्ज्ञाला असते आणि ते वापरले पाहिजे. तो आग्रह सगळ्यांनाच आवडत नाही.

म्हणून मुलाखतीत तीन गोष्टी विचाराव्यात असे सुचवेन. प्रत्यक्ष क्षेत्रकार्याला किती दिवस मिळतात, मूळ नोंदी कोणाजवळ राहतात आणि अहवालातील तुम्ही लिहिलेल्या प्रकरणात तुमच्या संमतीशिवाय बदल होऊ शकतो का. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तिथे जाऊ नका, पगार कितीही असला तरी. जिथे समाधानकारक उत्तरे मिळतील तिथे मात्र हे काम मोलाचे आहे, कारण रस्ता थोडा सरकवणे, भरतीचे पाणी जाण्यासाठी मोऱ्या ठेवणे, काम विणीच्या काळात बंद ठेवणे असे निर्णय आराखडा कागदावर असतानाच होऊ शकतात. प्रकल्प उभा राहिल्यावर प्रसिद्ध झालेला उत्कृष्ट शोधनिबंध त्या ओढ्याला परत आणत नाही.

एक सूचना अध्यापिका म्हणून. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करणे बंधनकारक आहे आणि जनसुनावणीसाठी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. बारावीच्या मुलांना असा एखादा मराठी सारांश वाचायला देऊन त्यात काय राहून गेले आहे ते शोधायला सांगावे. पाठ्यपुस्तकातील व्याख्या त्यांना त्यामुळे पाठ कराव्या लागणार नाहीत.

दिवाळे_कोळीवाडा

प्राध्यापक साहेबांनी नोंदींविषयी लिहिले आहे त्यात थोडी भर घालतो. आमच्या वडीलधाऱ्यांना विचाराल तर खाडीत जिताडा कुठे लागत असे, बोय कोणत्या महिन्यात भरून येई, कालवे कोणत्या खडकावर काढली जात, चिंबोरीसाठी फग (खेकडे पकडायचे सापळे) कुठे टाकत, हे सगळे ठिकाणांच्या नावांसह सांगतील. ती नावे आजच्या नकाशात नाहीत. ही माणसे थकत चालली आहेत. अभ्यासक येतात, पक्ष्यांचे फोटो घेतात आणि जातात. मासेमारी करणाऱ्याला कोणी विचारत नाही की जाळ्यात पूर्वी काय येत होते आणि आता काय येत नाही. मॅडम, तुमच्या वर्गात खाडीकाठच्या गावांतली मुले असतील, तर त्यांना आपल्या आजोबा-आजीकडून हे लिहून आणायला सांगा आणि त्यावर सांगणाऱ्याचे नाव राहू द्या.

आणखी एक गोष्ट. सगळीकडे तिवरांची लागवड करणे हेच संवर्धन, असे मुलांना शिकवू नये. गाळ साचून जिथे उघडा चिखल होता तिथे तिवरांचे रान आपोआप पुढे सरकले आहे. चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांना आणि आमच्या होड्यांना, दोघांनाही उघडा चिखल आणि मोकळे पाणी लागते.

संशोधक_वाशी

मी सध्या पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात आहे. वरील सर्वांचे म्हणणे मला मान्य आहे, पण प्राध्यापक सरांच्या एका मुद्द्याशी मी पूर्णतः सहमत होऊ शकत नाही, आणि तो मुद्दा तुमच्या निवडीशी संबंधित असल्यामुळे सविस्तर लिहिते.

विपुल प्रजातींच्या दीर्घकालीन नोंदी सर्वांत मोलाच्या आहेत हे खरे. परंतु त्यासाठी पैसा देणारे फार थोडे आहेत. प्रकल्पांचा निधी बहुधा दोन-तीन वर्षांचा असतो आणि तो वाघ, बिबट्या, रोहित यांच्याकडे सहज वळतो. तरुण अभ्यासकाने वीस वर्षांच्या नोंदींचा संकल्प केला तर तिच्या उपजीविकेची जबाबदारी कोण घेणार, याचे उत्तर दिल्याशिवाय तो सल्ला देऊ नये, असे मला वाटते. ज्यांच्या घरी पाठबळ आहे तेच या क्षेत्रात टिकतात, आणि त्यामुळे कोणते प्रश्न विचारले जातात हेही काही अंशी ठरते. कोळीवाड्यातील दादांनी लिहिलेली उणीव त्यातूनच आली आहे.

त्यावर मला दिसलेला एक मार्ग असा. पक्षीनिरीक्षणे नोंदवण्याच्या ई-बर्डसारख्या ऑनलाइन व्यासपीठावर सामान्य निरीक्षकांनी ठेवलेल्या नोंदी एकत्र करून २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल तयार झाला. ३०,००० निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी त्यात वापरल्या आहेत. ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांतील ६० टक्के प्रजाती घटत असल्याचे त्यातून दिसले. नोकरी सांभाळून रविवारी मोजणाऱ्या माणसांनी हे काम केले आहे. तेव्हा दीर्घकालीन नोंदी हा तुमचा पेशा असलाच पाहिजे असे नाही; पेशा वेगळा ठेवून त्या नोंदी शिस्तीने चालवता येतात. शिस्त मात्र हवी, कारण एका खोट्या नोंदीने किती नुकसान होते हे रानपिंगळ्याच्या बाबतीत दिसून आले आहे. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय पुरावा नव्हता. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना चोरलेला व बनावट माहिती चिकटवलेला निघाला, आणि तो बाजूला केल्यावर शोधाची दिशा बदलून १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा सापडला. २०१४ मध्ये तो आपल्या ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही आढळला. इतकी वर्षे तो मुंबईला पाणी देणाऱ्या जंगलात होता आणि कोणाला ठाऊक नव्हते. हे उदाहरण तुमच्या यादीत आहेच. ते आशेचे म्हणून सांगाच, पण त्यासोबत पुराव्याच्या प्रामाणिकपणाचे उदाहरण म्हणूनही सांगा.

याउलट स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू हा सैबेरियातून भूमध्य समुद्राकडे स्थलांतर करणारा किनारपक्षी. त्याचे शेवटचे निर्विवाद दर्शन १९९५ मध्ये मोरोक्कोत झाले आणि तो नामशेष झाल्याचे अधिकृतपणे २०२५ मध्ये मान्य झाले. मधल्या काळात कितीतरी लोक त्याला शोधत होते. वाटेतल्या पाणथळ जागांच्या साखळीवर जगणाऱ्या पक्ष्याचे संकट एका देशातून दिसत नाही, आणि आपल्या खाडीवर येणारे किनारपक्षीही अशाच साखळीवर अवलंबून आहेत. नेरूळ आणि सीवूड्सच्या बाजूची तळी भरतीच्या वेळी विश्रांतीसाठी नसतील, तर ओहोटीला उघडा पडणारा चिखल कितीही संरक्षित असला तरी पक्ष्यांनी भरतीचे तास काढायचे कुठे? अभयारण्याची सीमा नकाशावर स्थिर असते आणि पक्षी मात्र दिवसातून दोनदा ती ओलांडतात.

आता व्यवहाराचे. पीएच.डी. करायची असेल तर आधी नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती, मिळवा. २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे आणि घरखर्चात वाटा उचलणाऱ्या मुलीसाठी हाच फरक निर्णायक ठरतो. शिष्यवृत्तीशिवाय प्रवेश घेऊ नका, मार्गदर्शक कितीही चांगले असले तरी. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूच्या एनसीबीएस आणि एट्री (ATREE), या संशोधन संस्थांची प्रवेश प्रक्रिया पाहा, आणि पुण्याच्या गरवारे महाविद्यालयातील जैवविविधता विभागाशीही बोला. कोठेही गेलात तरी संख्याशास्त्र, 'आर' ही संख्याशास्त्रीय संगणक-भाषा आणि क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर यांवर हात बसवून घ्या; ज्याला हे येते त्याला प्रकल्प मिळतात. वनसेवेविषयी एवढेच सांगते की प्राणिशास्त्राची पदवी राज्याच्या व केंद्राच्या दोन्ही परीक्षांना चालते, आणि वनक्षेत्रपालाने एका पावसाळ्यात घेतलेले निर्णय आमच्या अनेक निबंधांपेक्षा अधिक जमीन वाचवू शकतात. पण त्या तयारीला संपूर्ण वेळ द्यावा लागतो, तो मन नसताना देऊ नये.

निवृत्त_प्राध्यापक_ठाणे

संशोधक ताईंचा आक्षेप योग्य आहे. उपजीविकेचा भाग मी गाळायला नको होता. नोंदी हा पेशा असण्याची गरज नाही, हे त्यांचे म्हणणे मी स्वीकारतो. फक्त एक अट जोडतो की अशा नोंदी एका व्यक्तीच्या उत्साहावर न ठेवता महाविद्यालयाच्या विभागाच्या नावावर ठेवाव्यात, म्हणजे शिक्षक बदलला तरी वही पुढच्या वर्गाकडे जाईल.

तिवर_ऐरोली

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी जेआरएफचा अर्ज भरते आणि निकाल लागेपर्यंत सल्लागार संस्थेशी बेलापूरच्या ताईंनी सुचवलेल्या तीन प्रश्नांवर बोलून निर्णय घेते. नोंदवही विभागाच्या नावाने सुरू करण्यास आमच्या विभागप्रमुखांची हरकत नसावी. खाडीकाठच्या गावांतील चार-पाच विद्यार्थी माझ्या वर्गात आहेत. आजी-आजोबांच्या माहितीचे काम त्यांच्यापासूनच सुरू करेन. एक शंका राहिली आहे. पक्षी मोजण्यासाठी भरतीची वेळ घ्यावी की ओहोटीची?

संशोधक_वाशी

दोन्ही वेळा वेगवेगळ्या प्रश्नांसाठी उपयोगी आहेत. पक्षी कुठे आणि काय खातात हे पाहायचे असेल तर चिखल उघडा पडू लागल्यापासूनचे तास घ्या. त्या वेळी ते इतके विखुरलेले असतात की एकूण संख्या नीट मिळत नाही. संख्या हवी असेल तर पूर्ण भरतीच्या वेळी विश्रांतीच्या तळ्यांवर मोजा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला चिखल पूर्ण बुडतो आणि पक्षी तळ्यांवर एकवटतात, म्हणून दर महिन्याला उधाणाचा एक दिवस ठरवून घ्या. भरतीच्या वेळापत्रकातील वेळ नोंदीच्या पहिल्याच रकान्यात लिहा. मुलांना चिखलात उतरवू नका. भरतीची गणना काठावरून, दुर्बिणीने करता येते.